यादी आधी, भाषण नंतर : माइंडट्रीवरील अनाहूत प्रस्तावाचा अंदाज आम्ही कसा बांधला

सोमवार, 18 मार्च 2019 रोजी लार्सन अँड टुब्रोने (एल अँड टी) बंगळूरच्या माइंडट्री या सॉफ्टवेअर कंपनीचा ताबा घेण्याचा प्रस्ताव जाहीर केला. तो अनाहूत होता, म्हणजे माइंडट्रीच्या चालकांनी मागितलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीच्या गावभागातील आमच्या कार्यालयाचा जिना चढून एक निवृत्त अभियंते डिमॅट खात्याचा उतारा घेऊन आले. कार्यालयात सगळेच त्यांना काका म्हणतात. मंदीच्या काळात, 2009 च्या सुरुवातीला, त्यांनी माइंडट्रीचे 75 शेअर घेतले होते आणि पुढे एकास एक प्रमाणात दोनदा बोनस मिळाल्याने त्यांचे 300 झाले होते. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी विचारले, "हे होणार का, एवढंच सांग. चांगलं की वाईट ते मी बघतो."

प्रश्न इतका नेमका असला की उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. वर्तमानपत्रांत त्या आठवड्यात छापून येत होते ते बहुतेक चांगले-वाईटाबद्दलचे होते: संस्थापकांनी वीस वर्षे जोपासलेली कार्यसंस्कृती, अभियांत्रिकी क्षेत्रातील अवाढव्य कंपनीची शिस्त आणि दोहोंचे जुळेल की नाही. प्रवर्तकांपैकी, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या संस्थापकांपैकी, सुब्रतो बागची ओडिशा सरकारच्या कौशल्य विकासाच्या कामाचा राजीनामा देऊन कंपनी वाचवण्यासाठी परतले होते आणि झाड तोडायला बुलडोझर आल्याची उपमा त्यांनी दिली होती. वाचताना मलाही गलबलून आले, हे कबूल करतो. पण गलबलून येण्याला मताधिकार नसतो.

आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्याची निवडणूक लागली की दोन प्रकारची माणसे भाकिते करतात. पहिला सभांना जातो, टाळ्या मोजतो आणि कोणाच्या भाषणाला गर्दी होती ते सांगतो. दुसरा सभासदांची यादी मिळवतो, पेन्सिल घेऊन बसतो आणि कोणत्या गावात कोणाचे किती सभासद, कोणाचे ऊसबिल थकले आहे, कोणाची कोणाशी सोयरीक आहे हे नावापुढे खुणा करत मोजतो. दुसऱ्याचे भाकीत क्वचितच चुकते. फरक इतकाच की सहकारी कारखान्यात एका सभासदाला एक मत असते आणि कंपनीत एका शेअरला एक मत असते, त्यामुळे कंपनीची यादी मोजणे उलट सोपे जाते. काकांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्ही तीच यादी काढली. सूचीबद्ध कंपन्यांना दर तिमाहीला भागधारणेचा तक्ता शेअर बाजाराकडे द्यावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो.

त्याआधी "होणार" म्हणजे काय हे ठरवणे भाग होते. प्रस्तावात तीन पायऱ्या होत्या. पहिली, कॅफे कॉफी डेचे संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ आणि त्यांच्या कंपन्यांकडील 20.32 टक्के हिस्सा 980 रुपये दराने, म्हणजे सुमारे 3,269 कोटी रुपयांना घेण्याचा करार. दुसरी, त्याच दराच्या मर्यादेत बाजारातून आणखी 15 टक्क्यांपर्यंत खरेदी करण्याचा दलालाला दिलेला आदेश. तिसरी, उरलेल्या भागधारकांकडून 31 टक्के, म्हणजे सुमारे 5 कोटी 13 लाख शेअर घेण्याची ओपन ऑफर, अर्थात ठरलेल्या दराने सर्वांसाठी खुली ठेवलेली खरेदी. तिन्ही पूर्ण झाल्या तर हिस्सा 66.32 टक्के होणार होता आणि खर्च सुमारे 10,700 कोटी. पण 66 टक्के मिळाले नाहीत म्हणून प्रस्ताव फसला असे कोणी म्हटले नसते. निम्म्याहून अधिक मते हाती आली की संचालक नेमता येतात, काढता येतात आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची खुर्चीही आपोआप त्यामागे जाते. म्हणून आम्ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहिले, "50 टक्के, जूनअखेर." मुदत नसलेले भाकीत कधीच खोटे ठरत नाही, म्हणून त्याला किंमतही नसते.

आता यादी. प्रवर्तकांकडे सुमारे 13.32 टक्के होते. इथेच पहिला धक्का बसला, कारण वर्तमानपत्रे ज्यांना कंपनीचे धनी म्हणत होती त्यांच्याकडे सातातला एक शेअरही नव्हता. सिद्धार्थ यांच्याकडे त्यांच्या दीडपट होते. सिद्धार्थ यांचे 20.32 आणि प्रवर्तकांचे 13.32 बाजूला काढले तर 66.36 टक्के उरत होते. ते परदेशी गुंतवणूक संस्था, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या आणि काकांसारखे सुटे गुंतवणूकदार यांच्यात विखुरलेले होते. त्यातला एकच गठ्ठा डोळ्यांत भरण्यासारखा होता: सिंगापूरच्या नालंदा कॅपिटलकडील सुमारे साडेदहा टक्के.

पन्नास टक्क्यांसाठी एल अँड टीला आणखी 29.68 टक्के हवे होते. ते 66.36 मधून यायचे, म्हणजे उरलेल्यांपैकी शंभरातल्या 45 जणांनी हो म्हटले तरी पुरे. नालंदाने दार लावून घेतले असे धरले तर उरणाऱ्या 55.8 मधून तेवढेच मिळवायचे, म्हणजे शंभरातले 53. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "म्हणजे नालंदा नाही म्हणाली तरी दार बंद होत नाही, फक्त जड होतं." मला अर्धा तास समजावून सांगायचे होते ते त्यांनी एका वाक्यात उरकले.

मग प्रश्न राहिला तो या शंभरातल्या त्रेपन्न जणांच्या स्वभावाचा. यात्रेत हौशे, नवशे आणि गवशे असतात, तसे कोणत्याही कंपनीच्या भागधारकांतही असतात. मात्र माइंडट्रीच्या यादीत दुसऱ्यांचा पैसा सांभाळणाऱ्या संस्था जास्त होत्या, आणि अशा संस्थेच्या व्यवस्थापकाला वर्षाअखेरीस आपल्या गुंतवणूकदारांना उत्तर द्यावे लागते. संस्थापकांच्या प्रेमापोटी 980 रुपये नाकारले आणि नंतर भाव 800 वर आला, हे उत्तर कोणाला पटणार? मार्च 2019 ला संपलेल्या वर्षात माइंडट्रीचा निव्वळ नफा 754 कोटी रुपये झाला. म्हणजे 980 हा दर प्रतिशेअर कमाईच्या सुमारे 21 पट होता. मधल्या फळीतल्या सॉफ्टवेअर कंपनीला हा दर डोळे दिपवणारा नव्हता, पण अपमान करणाराही नव्हता. अधिमूल्य, म्हणजे बाजारभावावर मिळणारी वाढीव रक्कम, जेमतेम होते, हीच प्रस्तावाची सर्वांत कच्ची बाजू होती.

अशा वेळी लक्ष्य ठरलेल्या कंपनीच्या हाती काय उरते, हे पाहणे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण बहुतेक भाकिते इथेच फसतात. लोकांना वाटते की संचालक मंडळाने ठाम विरोध केला की प्रस्ताव अडतो. एके काळी तसे होतही असे. 1983 मध्ये स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्स आणि डीसीएम या दोन कंपन्यांचे शेअर बाजारातून उचलले, तेव्हा दोन्ही मंडळांनी ते हस्तांतर आपल्या नोंदवहीत चढवायलाच नकार दिला. खरेदी झाली, पैसे गेले, पण मालकी लागली नाही. कागदी शेअर प्रमाणपत्रांच्या त्या काळात मंडळाच्या हाती वहीची किल्ली होती. 1996 च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर डिमॅट झाले आणि ती किल्ली गेली. आता सौदा झाला की शेअर खात्यात जमा होतो; कोणा संचालकाच्या सहीसाठी तो थांबत नाही.

दुसरे जुने कवच म्हणजे सरकारी वित्तसंस्था, आणि याचा इतिहास खुद्द एल अँड टीइतका कोणी अनुभवलेला नाही. 1988 मध्ये रिलायन्सने तिचे शेअर घ्यायला सुरुवात केली, 1989 मध्ये धीरूभाई अंबानी तिचे अध्यक्ष झाले आणि दिल्लीत सरकार बदलल्यावर, आयुर्विमा महामंडळासारख्या संस्थांचा कल फिरताच, 1990 मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. पुढे 2001 मध्ये रिलायन्सने आपला 10.05 टक्के हिस्सा 306 रुपये दराने ग्रासिमला विकला. अखेर सिमेंटचा व्यवसाय वेगळा काढून ग्रासिमकडे सोपवावा लागला, तेव्हा कुठे ग्रासिमकडचे शेअर एल अँड टीच्या कर्मचाऱ्यांच्या न्यासाकडे आले. म्हणजे दोनदा ताब्याच्या तोंडातून सुटलेली कंपनी आता स्वतः दुसऱ्याच्या दारात उभी होती. माइंडट्रीच्या यादीत मात्र निकाल फिरवू शकेल असा सरकारी गठ्ठा नव्हता.

तिसरा उपाय माइंडट्रीने खरोखर हाताळून पाहिला. 20 मार्चला संचालक मंडळाची बैठक बायबॅकचा विचार करण्यासाठी बोलावली होती. कंपनीने स्वतःचेच शेअर चढ्या दराने विकत घेतले तर भाव 980 च्या वर जातो आणि समोरच्याचा प्रस्ताव फिका पडतो, असा त्यामागचा हिशेब. निर्णय 26 मार्चवर ढकलला गेला आणि त्या दिवशी बायबॅक न करण्याचे ठरले. आमच्या कार्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याला यात मंडळाने कच खाल्ल्याचे दिसले. पण नियम वाचले तर कच खाण्याचा प्रश्नच नव्हता. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या 2011 च्या ताबा नियमावलीनुसार ओपन ऑफर सुरू असताना लक्ष्य कंपनीला बायबॅकसारखे पाऊल भागधारकांच्या विशेष ठरावाशिवाय उचलता येत नाही, आणि विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने लागतात. आता 20.32 टक्क्यांचा गठ्ठा विरोधात जाणार हे धरून चालायला हवे, मग तो अजून सिद्धार्थ यांच्या नावावर असो की एल अँड टीच्या, कारण करार केलेला विक्रेता आपलाच सौदा मोडायला मत देत नाही. म्हणजे बाजूने 60.96 टक्के हवेत. एकूण मतदान 81.28 टक्क्यांच्या वर गेले आणि बाकी जवळपास सारे एका बाजूला उभे राहिले, तरच ठराव मंजूर होतो. एखाद्या मोठ्या संस्थेचा जरी कल वेगळा असला तरी खेळ खलास. हे गणित मी 22 मार्चला पेन्सिलने लिहिले आणि बायबॅक होणार नाही, असे त्याखाली नोंदवले.

यावरून सिद्धार्थ यांच्या हिश्शाचे खरे मोल ध्यानात येते. तो केवळ पन्नास टक्क्यांकडे जाणारा पहिला टप्पा नव्हता. तो मिळताच विरोधकांच्या हातातले हत्यारही निकामी होत होते. म्हणून अनाहूत प्रस्तावाचे भाकीत करताना मी आता पहिला प्रश्न विचारतो तो असा: प्रस्ताव जाहीर होण्याआधीच एखादा मोठा गठ्ठा करारबद्ध झाला आहे का? माइंडट्रीत तो झाला होता, आणि विक्रेत्याची गरजही खरी होती. त्याच वर्षी जानेवारीत प्राप्तिकर विभागाने सिद्धार्थ यांच्या माइंडट्रीतील काही शेअरवर टाच आणली होती आणि दुसरे तारण घेऊन ती उठवली होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. इथे अक्कल होती, वेळ नव्हता.

घेणाऱ्याची ऐपत आणि चिकाटी यांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. एल अँड टीने आदल्या वर्षी 9,000 कोटींच्या बायबॅकची तयारी केली होती आणि जानेवारी 2019 मध्ये सेबीने ती नाकारली होती, तेव्हा पैशाची चणचण नव्हती. शिवाय ओपन ऑफर जाहीर करणाऱ्याला पहिल्या 500 कोटींच्या 25 टक्के आणि त्यापुढील रकमेच्या 10 टक्के इतकी हमी बांधून ठेवावी लागते. सुमारे 5,030 कोटींच्या ऑफरला ती 578 कोटींच्या आसपास येते. एवढे बांधून ठेवून कोणी हवा पाहायला येत नाही.

या साऱ्यावरून 25 मार्चला आम्ही आकडा लिहिला: जूनअखेर पन्नास टक्के ओलांडण्याची शक्यता शंभरात 75. उरलेल्या 25 पैकी 15 मी दुसऱ्या खरेदीदारासाठी ठेवले. प्रवर्तकांना कोणी मित्र भेटला, त्याने विस्तृत सार्वजनिक निवेदनानंतरच्या (ऑफरचा तपशील जाहीर करणाऱ्या निवेदनानंतरच्या) 15 कामकाजाच्या दिवसांत प्रतिस्पर्धी ऑफर दिली, तर चित्र पालटले असते. उरलेले दहा नियामक मंजुरी, बाजाराची घसरण आणि मला न सुचलेल्या गोष्टींसाठी. ती 15 दिवसांची मुदत एप्रिलच्या मध्यापर्यंत संपली आणि कोणी आले नाही, तेव्हा आम्ही 75 खोडून 88 लिहिले. स्पर्धा आयोगाची मंजुरीही एप्रिलमध्येच आली.

मधल्या काळात एक गोष्ट चकवणारी घडली. 17 एप्रिलला माइंडट्रीने वार्षिक निकालांबरोबर नेहमीच्या लाभांशाखेरीज प्रतिशेअर 20 रुपयांचा विशेष लाभांश सुचवला. निमित्त वीस वर्षांच्या पूर्तीचे आणि एक अब्ज डॉलरची उलाढाल ओलांडल्याचे होते. लाभांश वार्षिक सभेनंतर मिळणार असल्याने, जूनमध्ये शेअर देऊन मोकळे होणाऱ्याच्या हाती तो लागणार नव्हता. ही वाटेत पेरलेली साखर आहे, असे आम्हाला वाटले आणि 88 चे 84 केले. आज मागे वळून पाहता ती दुरुस्ती उगीचच होती. 980 च्या व्यवहारात 20 रुपये म्हणजे दोन टक्के. त्यासाठी कोणती संस्था ताबा बदलल्यानंतरच्या अनिश्चिततेत राहिली असती?

त्याहून मोठी चूक दराबाबतची होती. अधिमूल्य कमी आहे, विरोध कडवा आहे, तेव्हा एल अँड टीला दर वाढवावाच लागेल आणि तो 1,030 ते 1,050 पर्यंत जाईल, असे मी ठामपणे लिहिले होते. एक रुपयाही वाढला नाही. कारण समोरच होते आणि मला दिसले नाही: प्रतिस्पर्धी नसताना दर वाढवायचा कोणासाठी? बाजारातला भाव 980 च्या थोडा खाली घुटमळत होता. भाव ऑफरच्या वर गेला तर वाढीव दराची आशा आहे असे समजावे, आणि खाली राहिला तर बाजाराला वाढ दिसत नाही असे समजावे. बाजार मला रोज सांगत होता, मी माझ्याच तर्कावर खूश होतो.

वेळापत्रकही लांबले. मे महिन्यात उघडायची ऑफर सेबीच्या अभिप्रायामुळे पुढे गेली आणि 17 ते 28 जून या काळात झाली. दरम्यान 30 एप्रिलच्या सुमारास सिद्धार्थ यांचा हिस्सा हस्तांतरित झाला आणि बाजारातील खरेदी धरून ऑफर उघडण्यापूर्वीच एल अँड टी 29 टक्क्यांच्या आसपास पोहोचली. माइंडट्रीच्या स्वतंत्र संचालकांच्या समितीनेही दर रास्त असल्याचे मत दिले. नालंदाने अखेर आपला गठ्ठा ऑफरमध्येच दिला. ऑफर पूर्ण भरली आणि हिस्सा 60.06 टक्के झाला. 5 जुलैला कृष्णकुमार नटराजन, रोस्तो रावणन आणि एन. एस. पार्थसारथी या तिघा संस्थापकांनी राजीनामे दिले, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला देबाशिस चटर्जी मुख्य कार्यकारी झाले.

हीच पद्धत आम्ही पुढे 2022 मध्ये एनडीटीव्हीवर लावून पाहिली, तेव्हा तिची मर्यादाही कळली. अदानी समूहाने एका मध्यस्थ कंपनीच्या वॉरंटमधून, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलून घेता येणाऱ्या हक्कांमधून, 29.18 टक्के मिळवून 294 रुपयांची ओपन ऑफर दिली, आणि बाजारभाव त्याहून बराच वर होता. असा तोट्याचा दर कोण घेईल, म्हणून मी ऑफर कोरडी जाईल असे म्हटले. तरीही सुमारे 8.3 टक्के शेअर आले, समूहाची मते प्रवर्तकांपेक्षा जास्त झाली आणि डिसेंबरात प्रणय व राधिका रॉय यांनी आपल्यातला 27.26 टक्के हिस्सा 342.65 रुपये दराने समूहालाच विकला. तिथे पन्नास टक्क्यांची गरजच नव्हती. समोरच्यापेक्षा जास्त असणे पुरेसे होते.

मूळ कागदांचे नशीब सांगायचे राहिले. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली आणि गावभागातल्या आमच्या तळमजल्याच्या खोलीत कमरेएवढे पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर माइंडट्रीची फाईल सापडली तेव्हा शाईने लिहिलेले सगळे निळ्या डागांत मिसळून गेले होते, छापील तक्ता लगद्यासारखा झाला होता, आणि पेन्सिलची नोंद जशीच्या तशी होती: 29.68, 44.7, 53.2, त्याखाली खोडलेले 75, खोडलेले 88 आणि शेवटी 84.

काकांच्या 300 शेअरचे काय केले, हे मला विचारले जाते. ऑफरमध्ये मर्यादेपेक्षा जास्त शेअर आले तर प्रमाणात स्वीकारले जातात आणि उरलेले परत येतात, त्यामुळे जूनमध्ये माझ्या सल्ल्याने त्यांनी 200 शेअर थेट बाजारात, 980 च्या थोडे खाली विकले आणि 100 ठेवले. जुलैत भाव 800 च्या खाली आला तेव्हा ते पेढे घेऊन आले होते. 2021 मध्ये तोच शेअर 4,000 च्या पार गेला, तेव्हा पेढ्यांचा विषय दोघांनीही काढला नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये माइंडट्री एल अँड टी इन्फोटेकमध्ये विलीन झाली आणि शंभराला 73 या प्रमाणाने त्यांच्या खात्यात नव्या कंपनीचे 73 शेअर जमा झाले. उतारा टेबलावर ठेवत काका म्हणाले, "होणार का, हे तू बरोबर सांगितलंस. विकू का, हे मी तुला विचारलंच नव्हतं."